सेम्बुंग नदीची अधिकृत बाटली

कुठलीही नदी ही वरच्या गावाने घाण केलेली असते. याला अपवाद नाही. आमच्या सेम्बुंग नदीकाठी तीन जिल्हे आहेत आणि तिघांचंही यावर एकमत आहे. अख्ख्या जावा बेटावर इतकं एकमत दुसऱ्या कशावर झाल्याचं ऐकिवात नाही. या भक्कम पायावर तिन्ही जिल्ह्यांनी मिळून नदी-शुद्धीचा आराखडा केला. खालच्याने मधल्याकडे बोट दाखवलं, मधल्याने वरच्याकडे, वरच्याने डोंगराकडे. डोंगराला रीतसर नोटीस गेली आहे. (उत्तर यायचं आहे.)

आराखडा उत्तमच आहे. त्यात बाटिकचं कापड रंगवणाऱ्या प्रत्येकाला सांडपाणी गाळायची टाकी फुकट मिळाली. टाक्या प्रशस्त आहेत. एकेकीत तीन मोटारसायकली आरामात बसतात. महिन्यातून एकदा पाण्याची तपासणी होते आणि तारीख आठवडाभर आधी पत्राने कळवतात, कारण न सांगता कुणाच्या दारात जाणं आमच्या रीतीत बसत नाही. त्या दिवशी मोटारसायकली बाहेर, रंगाचं पाणी टाकीत, आणि नदी अशी नितळ की तळातले खेकडे मोजावेत. आजवरचे सगळे निकाल शुद्ध आले आहेत. उरलेल्या दिवसांचे निकाल अशुद्ध आल्याचा एकही पुरावा नाही.

या सुखात मिठाचा खडा टाकला तो बू वागिरांनी. (आमच्याकडे मानाने बाईंना बू म्हणतात आणि पुरुषांना पाक.) पुलाखालच्या उथळ पाण्यात त्या कांगकुंगची पालेभाजी लावतात. तिच्यावरच त्यांची चूल पेटते. सणाचे कपडे रंगायला लागले की भाजी निळी येते. बाजारात बायका विचारतात, "बू, ही शिजवायची की नेसायची?"

एका तपासणीला त्यांनी नदी खात्याच्या पाक हार्तोयोंना पुलावरच गाठलं.

"पाक, तुम्ही येता त्या दिवशी पाणी कसं लख्ख असतं. रोज या की हो!"

"रोज? अहो बू, नमुन्याला महिन्याला एकच बाटली मंजूर आहे!"

"मग बाटली माझी."

दुसऱ्या दिवशी बू वागिरा नारिंगी जाकीट घालून (जावयाचं, तो रस्त्याच्या कामावर आहे) हातात रिकामी बाटली धरून पुलावर उभ्या. पाणी भरलं नाही. बाटली नुसती धरली.

"आज कसली तपासणी? पत्र नाही आलं!" रंगवाले पाक मुर्सिद खालून ओरडले.

"पत्राचं काय घेऊन बसलात, मीच आलेय ना!"

पाक मुर्सिदांनी वर फोन केला, वरच्यांनी आणखी वर. दुपारपर्यंत तिन्ही जिल्ह्यांतल्या मोटारसायकली उन्हात. बू रोज उभ्या राहिल्या. महिन्याभरात बाम मासे परतले, पोरं डुंबायला लागली आणि भाजी अशी हिरवीगार की बाजार भरायच्या आत टोपली रिकामी. मला तर, खरं सांगतो, आनंदाने रडू यायचं बाकी होतं.

खात्यात मात्र हाहाकार. आराखड्याप्रमाणे नदी शुद्ध व्हायला अजून सतरा वर्षं होती. ती आत्ताच शुद्ध झाली तर सतरा वर्षांच्या बैठकांचं, आणि बैठकीत मिळणाऱ्या केळीच्या पानातल्या चिकट भाताचं, काय करायचं? सखोल चौकशी झाली. निष्कर्ष असा, की बू वागिरांचा नदीशी संबंध आहे. ज्याचा नदीशी संबंध आहे त्याने बाटली घेऊन नदीकडे बघणं हा पक्षपात होय. बूंना पुलावर उभं राहायची बंदी झाली.

"मग उभं कोण राहणार?" बूंनी विचारलं.

"कुणीही! नदीवाचून ज्याचं काही अडत नाही असा कुणीही सज्जन," पाक हार्तोयो म्हणाले. खात्याच्या मनाचा मोठेपणा तो हा.

बूंनी जाकीट आणि बाटली पुलाच्या कठड्याला अडकवून ठेवली. सारं गाव पुलावरून जाता-येता "बू, धन्य आहे हो तुमची!" म्हणतं. उद्या नक्की उभं राहतो म्हणतं. मोटारसायकली टाक्यांत परतल्या. काल भाजी जांभळी आली. बूंनी एक जुडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "घ्या, नेसा." मला वाईट वाटलं. फारच वाईट वाटलं.

मी उभा राहणारच होतो हो. पण हे सगळं कुणीतरी लिहायला नको का? तुम्हीही राहिला असता. तुमचं तर या नदीवाचून काहीच अडत नाही. पण कुणीतरी वाचायलाही हवंच.