न उघडणाऱ्या दुव्याचा पंचनामा

कोणतीही वस्तू बंद आहे हे कागदोपत्री सिद्ध झाल्याशिवाय ती उघडायचा प्रयत्न करू नये, हे सुसंस्कृत प्रशासनाचं पहिलं लक्षण होय. २००६ च्या मे महिन्यात बीड जिल्ह्यातल्या एका तालुका कार्यालयात या लक्षणाचं जे तेज दिसलं, त्यानं डोळे दिपून जावेत.

कार्यालयात एक संगणक होता. त्यावर लिनक्स होतं, कारण ते फुकट होतं (फुकट वस्तूची निविदा कशी काढावी, या विचारात आधी दीड वर्ष गेलं). शिक्षकांच्या बदल्यांचं परिपत्रक पीडीएफमध्ये आलं, त्यात निळ्या अक्षरांत एक दुवा. त्यावर क्लिक करा, अर्ज उघडेल. मुदत आज सायंकाळी पाचपर्यंत.

शिवांजलीबाई सकाळीच येऊन बसल्या होत्या. त्या युसूफ वडगावला शिक्षिका, नवरा घाटनांदूरला शिक्षक. चार वर्षं संसार एसटीच्या वेळापत्रकावर चाललेला. तीन वर्षांची लेक बापाला "पाव्हणे" म्हणायची. पती-पत्नी एकत्रीकरणाचा अर्ज त्या निळ्या अक्षरांच्या पलीकडे होता.

हेडक्लार्क वैजिनाथ आप्पांनी क्लिक केलं. बाणाचा हात झाला, हातानं बोट दाखवलं, पुढं काही नाही. आप्पा हाडाचे कर्तव्यदक्ष. अकरापर्यंत त्यांनी १४२ वेळा क्लिक केलं (पैकी ९ वेळा रागानं) आणि मग शांतपणे पंचनामा लिहायला घेतला.

"भाऊसाहेब, मी बघू का जरा?" बाईंनी विचारलं.

"पंचनामा चालू असताना जागेवरच्या वस्तूला हात लावायचा नसतो, बाई. मेलेलं जनावर असो न्हाईतर दुवा."

पंचनाम्यात नमूद झालं की, अक्षरं निळी असून सुस्थितीत आहेत, माउस हालचाल करतो, वीज हजर आहे (हे दुर्मीळ असल्यानं अधोरेखित), तथापि दुवा बंद आहे. शिपाई बंकट, टपालाचा कारकून, चहावाला आणि बाहेर सावलीला टेकलेला एक गृहस्थ, अशा चार पंचांनी सह्या केल्या. मग चार वाजता दमून सगळे चहाला गेले.

बाई आप्पांच्या खुर्चीवर बसल्या. पीडीएफ दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये शोधता शोधता एक चौकट सापडली: दुवे कोणत्या प्रोग्रॅमनं उघडायचे? त्यात इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, "निरंक".

चहाहून परतणाऱ्या आप्पांना त्यांनी विचारलं, "हे कुणी लिहिलं हो, भाऊसाहेब?"

"मीच की! मशीन आलं त्या दिवशी," दारातून आत येत आप्पा अभिमानानं म्हणाले. "रकाना मोकळाच होता. तीस वर्षांच्या नोकरीत एक रकाना मोकळा सोडला न्हाई म्या!"

म्हणजे प्रत्येक क्लिकला ते मशीन बिचारं निरंक नावाचा प्रोग्रॅम इमानदारीनं शोधत होतं आणि न सापडल्यावर गप्प बसत होतं. बाईंनी निरंक पुसलं, ब्राउझरचं नाव घातलं, क्लिक केलं. अर्ज उघडला. चार चाळीसला तो गेलासुद्धा, पोचपावतीचा नंबर आला. बाईंना रडूच फुटलं.

"लई ब्येस झालं, बाई!" आप्पा मनापासून हरखले. मग त्यांची नजर पंचनाम्यावर गेली.

चार सह्यांनिशी बंद असलेल्या दुव्यातून अर्ज गेला कसा? एकतर चार पंच खोटे, नाहीतर अर्ज खोटा. चार माणसांपेक्षा एक अर्ज रद्द करणं सोपं (मनुष्यबळाची बचत). मात्र पंच पाच हवेत, चार सह्यांचा कागद ग्राह्य नाही. आप्पांनी पेन बाईंपुढं धरलं.

"मी कावून करू सही? माझ्या डोळ्यांनी उघडलेला बघितलाय!" म्हणत बाईंनी घाटनांदूरची एसटी गाठली.

पाचवी सही पडली की बाईंचा अर्ज रद्द. त्यासाठी आप्पांना एखादी सज्जन, सुशिक्षित, मधे न बोलणारी व्यक्ती हवी आहे. आपण इथवर सगळं स्वस्थपणे वाचलंत. "अहो, त्या बाईंना बघू तरी द्या," असं एकदाही म्हणाला नाहीत. चार नावांखाली जागा आहे. पेन आप्पा देतील.