ब्लॅकजॅकचा हात

मला पत्त्यांतलं सगळं येतं, असं मी ऑफिसात प्रेमानंदला छातीठोक सांगितलं आणि तिथेच घात झाला. ईदच्या सुट्टीत आम्ही दोघं जॉर्जियाला जाणार होतो. तिथे कॅसिनो होता. ओमानमध्ये असल्या गोष्टींना थाराच नाही, त्यामुळे माझी परीक्षा कोण घेणार, असा माझा हिशोब! पण प्रेमानंद म्हणाला, "मग नंदू, मी टेबलावर तुझ्याच शेजारी बसणार. ब्लॅकजॅक शिकव मला."

मला येत होतं ते फक्त बदाम सात.

सीबच्या आमच्या फ्लॅटमध्ये गुरू मिळाली ती माझीच मुलगी, इरा. बारावीत आहे, गणितात हुशार. पैशांऐवजी खजुराच्या बिया मांडून ती डीलर झाली. खेळ सोपा होता: पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, ओलांडली की मेलात. अवघड होतं ते गप्प बसणं.

"बाबा, नो टॉकिंग. वर कॅमेरा असतो, त्याला हात दिसायला हवा. पत्ता पाहिजे तर टेबलावर दोन बोटं टॅप. नको तर तळहात असा आडवा फिरवा. आणि सारखं टॅप नका करू. यू आर सो ग्रीडी!"

मी इतका सराव केला, की जेवतानाही पोळी हवी असली की ताटाशेजारी टॅप, भात नको असला की तळहात आडवा.

"तोंडाला काय झालंय?" बायकोने, म्हणजे मधुवंतीने विचारलं.

"अगं, हे कॅमेऱ्यासाठी आहे."

"मग कॅमेऱ्याकडूनच वाढून घ्या."

त्याच आठवड्यात आमचे मालक, अर्बाब नुमान, यांनी मला आणि प्रेमानंदला खाबुरा गावातल्या त्यांच्या घरी बोलावलं. सोहारच्या कारखान्याचं खरेदी खातं ते माझ्याकडे देणार होते. "विश्वासाचा माणूस पाहिजे," असं ते दोनदा म्हणाले होते. या दिवसाची मी कित्येक वर्षं वाट पाहत होतो. मधुवंतीने माझा शर्टसुद्धा स्वतः इस्त्री केला.

मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, गालिच्यावर सगळी वडीलधारी मंडळी बसली होती. अर्बाबांचे भाऊ जमाल कहवा, म्हणजे इथली कडू कॉफी, ओतत होते. इथली रीत साधी आहे: पुरे झालं की रिकामा पेला जरासा हलवायचा. नाही हलवला तर वाढणारा ओततच राहतो. इतकी वर्षं मी तो हलवत आलोय.

त्या दिवशी पेला डाव्या हातात गेला आणि उजवा तळहात आडवा फिरला.

जमालना वाटलं, मी माशी हाकलतोय. त्यांनी ओतलं. मी प्यायलो, पुन्हा तळहात फिरवला, त्यांनी पुन्हा ओतलं. काहीतरी चुकतंय हे कळत होतं, पण काय ते आठवेना. गोंधळून मी पेल्याच्या कडेवर दोन बोटं टॅप केली. जमाल खूश झाले आणि त्यांनी काठोकाठ भरला! सहाव्या पेल्यालाही माझा तळहात आडवा फिरतच होता.

"तबियत ठीक नहीं?" अर्बाब काळजीने म्हणाले. "हाथ ऐसा क्यों करता है? डॉक्टर बुलाऊँ?"

मला वाचवायला प्रेमानंद पुढे सरसावला. "नहीं नहीं अर्बाब, तबियत एकदम ठीक है. ये तो ब्लॅकजॅक का इशारा है. कॅसिनो में ऐसा करते हैं. नंदू एक्सपर्ट है."

एका म्हाताऱ्याने हातातला खजूर परत ताटात ठेवला.

"तुम जुआ खेलता है?" अर्बाबांनी हळूच विचारलं.

"नहीं, नहीं!" मी घाईघाईने म्हणालो. "अभी तो सिर्फ सीख रहा हूँ. घर पे. मेरी बेटी सिखाती है."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला गालिच्याखाली शिरावंसं वाटलं. आता सगळी मजलिस माझ्यासाठी नाही, माझ्या बिचाऱ्या मुलीसाठी हळहळत होती. अर्बाबांनी मला ओरडायला हवं होतं. त्यांनी उलट माझ्यापुढे हलवा सरकवला. त्याची जास्त लाज वाटली. परतीच्या वाटेवर प्रेमानंद दहादा सॉरी म्हणाला आणि मला त्याच्याकडे बघवेना.

जॉर्जियाचं तिकीट मी रद्द केलं. ईदनंतर धीर करून अर्बाबांच्या केबिनमध्ये गेलो. खरेदी खात्याची फाइल त्यांच्या समोरच होती. मी आशेने तिच्याकडे बघत उभा राहिलो.

अर्बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि टेबलावरून तळहात सावकाश आडवा फिरवला.

काय सांगू, एकदाच पाहून शिकले होते, पण अगदी बिनचूक. कॅमेऱ्यालासुद्धा कळलं असतं.