एका धुक्यात चार इंद्रवज्रं

सत्य पटवून देण्यात अख्ख्या तळेगाव दाभाड्यात माझा हात धरणारा कुणी नाही! कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवता शिकवता डोक्यावरचे केस गेले, पण 'सत्य असतं' एवढं कबूल करून घेतल्याशिवाय मी वर्ग सोडला नाही. (पोरं सुटका व्हावी म्हणून कबूल करतात, असं माझी बायको मेहमुदा म्हणते. तिचं सोडा.)

आणि अशा माझ्याच घरात अरफासारखी मुलगी निघावी!

अरफा पुण्यात एका बातम्यांच्या कंपनीत बनावट व्हिडिओ शोधायचं काम करते. दिवसभर खोटे पुढारी, खोटे पूर, खोटे वाघ. बघून बघून तिचा खऱ्यावरचाच विश्वास उडाला. "खरं असं काही नसतंच, अब्बा. ज्याची त्याची गोष्ट, झालं!" तिला सूर्यास्त दाखवला, तर म्हणाली, "छान बनवलाय."

मी हसण्यावारी नेत होतो. पण एके दिवशी मेहमुदानं तिला फोन केला, तर ही म्हणते, "हल्ली आवाज कुणीही बनवतं. तू खरंच अम्मी असशील तर माझ्या बालवाडीच्या बाईंचं नाव सांग."

मेहमुदानं फोन आपटला. "पोटात वाढवली, आता तोंडी परीक्षा देऊ?" त्यानंतर आमच्याकडे रोज कांद्याची भाजी. रडायला निमित्त लागतं ना!

तेव्हा मात्र मी कंबर कसली. "या रोगावर एकच औषध आहे. फेनॉमेनॉलॉजी!"

"फिनाइल?" मेहमुदा म्हणाली.

"फे-नॉ-मे-नॉ-लॉजी! ऐकलेलं, वाचलेलं सगळं बाजूला ठेवायचं आणि समोरची वस्तू आपल्याला जशी दिसते तशी नीट बघायची. जग खोटं म्हणणाऱ्याची त्याच्या स्वतःच्या डोळ्यांशी गाठ घालून द्यायची! रविवारी अरफा आली की खंडाळ्याला जाऊ. त्र्यंबकरावांना गाडी काढायला सांग."

त्र्यंबकराव आमचे शेजारी. रेल्वेतून निवृत्त झाले, पण अजून सगळीकडे वेळेआधी हजर. रविवारी सकाळी निघालो. कामशेत मागे पडलं आणि गाडीत असा वास सुटला, जणू एखादं सरकारी इस्पितळच आमच्याबरोबर सहलीला निघालंय!

"त्र्यंबकराव, हे काय?"

"तुमचंच सामान, सर! वहिनी म्हणाल्या, सर अरफाला फिनाइलचा कसलातरी प्रयोग दाखवणारेत. म्हटलं, कमी पडायला नको. मोठा कॅनच घेतला. झाकण सैल राहिलं वाटतं."

लोणावळा येईतो सगळ्यांच्या डोळ्यांना धारा. मायलेकी शेजारी बसून रडत होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या. मला नेहमीच्या गर्दीच्या पॉइंटवर जायचं होतं, पण खंडाळ्यात पहिली मोकळी जागा दिसताच त्र्यंबकरावांनी ब्रेक दाबला आणि आम्ही पोत्यातून बटाटे सांडावेत तसे बाहेर सांडलो.

समोर दगडी कठडा आणि त्यापलीकडे नुसतं धुकं. दरी नाही, कोकण नाही, काही नाही.

"उत्तम!" मी म्हणालो. "आता सगळ्यांनी आपापली मतं कंसात टाका."

"कंसात? कृष्णाचा मामा?" त्र्यंबकराव.

"गणितातला कंस हो! अरफा, फक्त दिसतं ते सांग."

"पांढरं."

"आणखी?"

"आणखी पांढरं."

"मला तिकडे म्हैस दिसतेय," त्र्यंबकराव डावीकडे बोट दाखवून म्हणाले.

"झुडूप आहे ते!" मी म्हणालो. "म्हैस तुमच्या मनात आहे. आपण वस्तूकडेच जायचं असतं. हे बघा!" आणि मी झुडपावर थाप मारली.

झुडूप हंबरलं!

पुढचं मला नीट आठवत नाही. शेपटीचा फटका आठवतो, आणि मी चिखलात बसलो होतो हे आठवतं. पण त्याहून आठवतं ते अरफाचं हसणं. कित्येक महिन्यांनी पोरगी पोट धरून हसत होती! "अब्बा, हिला मात्र कुणी बनवलेलं नाही!"

मी उठलो आणि काहीतरी तेजस्वी उत्तर देणार, तेवढ्यात आमच्या पाठीमागून ऊन आलं.

आणि समोरच्या धुक्यावर एक माणूस उभा राहिला. उंच, सावळा, लांब पायांचा. त्याच्या डोक्याभोवती सात रंगांचं अख्खं वर्तुळ! अर्धं नाही हो, पुरतं गोल!

म्हशीनंही रवंथ थांबवला असावा.

"इंद्रवज्र!" त्र्यंबकराव कुजबुजले. "सर, माझ्या डोक्याभोवती आहे! काय पुण्य केलं असेल मी!"

"तुमच्या? अहो, माझ्या सावलीभोवती आहे," मेहमुदा म्हणाली.

"काहीतरीच! माझ्या!" मी चिखल झटकत ओरडलो.

अरफा पुढे झाली. चेहरा एकदम कामावरचा. "थांबा. कुणी हलू नका. अम्मी, तू माझ्या जागेवर ये. आता कुणाभोवती आहे?"

"माझ्याच."

"काका, तुम्ही या. आता?"

"माझ्याच, देवाशप्पथ!"

तिनं हात वर केला. धुक्यातल्या तिच्या सावलीनं हात वर केला. ती दोन पावलं सरकली, तर वर्तुळ तिच्याबरोबर सरकलं. मग ती बराच वेळ नुसती बघत राहिली.

"प्रत्येकाला वेगळं दिसतंय," ती हळूच म्हणाली. "आणि तरी कुणीच खोटं बोलत नाहीये."

वर्षानुवर्षं मी हेच शिकवत होतो, पण मलाच ते आज पहिल्यांदा कळलं. सत्य ज्याच्या त्याच्या जागेवरून दिसतं, म्हणून ते ज्याच्या त्याच्या मनचं होत नाही. ऊन एकच होतं, धुकं एकच होतं.

अरफानं न बघताच आईचा हात धरला. "गार पडलाय तुझा हात."

"मग?" मेहमुदानं डोळे पुसले. "फिनाइलनं डोळे चुरचुरतायत."

"खोटं," अरफा म्हणाली आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

धुकं विरलं. खाली अफाट हिरवी दरी उघडली आणि आम्ही चौघं कठड्याला टेकून उभे राहिलो.

सोमवारी स्टाफरूममध्ये मी हा सगळा प्रसंग रंगवून सांगितला. सगळे कान देऊन ऐकत होते. शेवटी भूगोलाच्या तेजल मॅडम म्हणाल्या, "वा, सर! फोटो दाखवा ना."

फोटो? चौघांच्या खिशात चार फोन, त्यातली एक तर व्हिडिओ तपासणारी तज्ज्ञ, आणि एकालाही फोन काढायचं सुचलं नव्हतं!

"मग रचलेलं असेल हो," म्हणत मंडळी चहाकडे वळली.

तुम्हीही विश्वास ठेवू नका हवं तर. पण एक सांगतो, बाकीची तिघं काहीही म्हणोत, ते वर्तुळ माझ्याच डोक्याभोवती होतं!