गाडी आहे, माणूस नाही

शनिवारी सकाळी मला अंथरुणातून उठवत नाही, एवढ्या एका कारणापायी मी आमचं सबंध गाव नदीत उतरवलं.

आमच्याकडे, न्यूझीलंडच्या अगदी तळाला, ट्राउटच्या नदीचा एक अलिखित कायदा आहे. नदीकडे जाणाऱ्या फाटकापाशी कुणाची गाडी उभी असली की तिथला पट्टा त्या दिवसापुरता त्याचा. मागून येणाऱ्याने गाडीला हात करायचा आणि निमूट पुढचं फाटक गाठायचं. ट्राउट हा भलता संशयी मासा. पाण्यात एकाचा पाय पडला की दुसऱ्याने गळाला बांधलेल्या पिसांच्या खोट्या माशीकडे तो दिवसभर ढुंकून पाहत नाही. त्यामुळे इथे चर्चमध्ये घोरलेलं खपतं, बायकोला मारलेली थापही खपते; पण दुसऱ्याच्या पट्ट्यात घुसणाऱ्याच्या शवपेटीला खांदेकरी मिळत नाहीत.

माझा जीव तिसऱ्या फाटकाच्या पट्ट्यावर. तिथे विलोच्या झाडाखाली एक थोराड ट्राउट राहतो. मी पुढे करीन ती माशी तो जवळ येऊन नीट पाहतो आणि तोंड फिरवतो, म्हणून मी त्याला सासरेबुवा म्हणतो. पण मी न्याहारी उरकून पोहोचेपर्यंत तिसऱ्या फाटकावर कुणाची तरी गाडी असायचीच.

अशात माझी बायको मॉरीन म्हणाली, "लॅकी, ती माझी जुनी निळी गाडी विकून टाक बाबा. अंगण अडवून बसलीय."

आता आठवडाभर कौन्सिलात कुत्र्यांचे परवाने लिहिणाऱ्या माणसाच्या डोक्यात कल्पना कितीशा येणार? ही आली. मी ती गाडी तिसऱ्या फाटकावर नेऊन उभी केली. आत पुढच्या काचेपाशी माझी टोपी ठेवली आणि शेजारी एक अर्धा खाल्लेला चीज रोल (जिवंतपणा यावा म्हणून). घरी येऊन सांगितलं, "गेली एकदाची!"

पुढचे दोन शनिवार म्हणजे स्वर्ग. मी नऊपर्यंत लोळायचो, अंडी खायचो, सायकल मारत जायचो. आणि अख्खा पट्टा सुनसान! सासरेबुवा आणि मी, दोघंच. त्यांनी तोंड फिरवलंच, पण एकांतात फिरवलं.

तिसऱ्या शनिवारी मी पांघरुणात असतानाच आमचा पोलीस हेमी दारात उभा राहिला.

"मॉरीन, तुझी निळी गाडी तिसऱ्या फाटकावर आहे. मासेमारी क्लबचा डेस म्हणतो, कधीची तिथेच आहे. टोपी आहे, अर्धा खाल्लेला चीज रोल आहे, त्यावर बुरशी आहे. माणूस नाही."

"पण ती तर लॅकीने विकली!"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगावं तर डेस मला क्लबातून हाकलणार, आणि नदीकाठी माझं तोंडही कुणी पाहणार नाही. नदी गेली तर मग माझ्याकडे उरलं काय? कुत्र्यांचे परवाने!

"कुणाला विकलीस रे?" हेमीने विचारलं.

"एक... उंच माणूस होता."

"दाढी?"

"होती." (त्याने विचारली म्हणून दिली.)

"रंग?"

"तांबडी."

"एकटाच होता?"

"बायको नुकतीच वारली होती त्याची." (इथे मला कुणीतरी तोंड दाबून थांबवायला हवं होतं.) "म्हणाला, आता नदीवर मन रमवीन."

मॉरीनने पदर नसल्यामुळे ॲप्रन डोळ्यांना लावला. "अगं बाई! आणि असल्या दुःखी माणसाच्या गळ्यात तू ते खटारं मारलंस? हेमी, तो नक्की नदीत पडला रे!"

तासाभरात गावचा भोंगा वाजला आणि गाव फाटकावर जमलं. चर्चमधल्या बायका चहा आणि चीज रोलांची ताटं घेऊन आल्या. बाकीच्यांनी हाताला हात धरून नदीभर साखळी केली आणि काठ्यांनी एकेक डोह ढवळायला सुरुवात केली. त्या साखळीत मीही. जो माणूस जन्मालाच आला नाही त्याला मी गुडघाभर गार पाणी तुडवत शोधत होतो आणि अधूनमधून "ओ दाढीवाले!" अशी हाकही मारत होतो.

"आम्ही रोज त्याच्या गाडीला हात करून जायचो रे," डेस माझ्या शेजारी गहिवरून म्हणाला. "आणि तो बिचारा नदीत मरून पडलेला!"

तेवढ्यात विलोखालून सासरेबुवा निघाले आणि डेसच्या दोन पायांमधून खाली पसार झाले. मी हंबरडा फोडला. चौघांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"लॅकीचं मन फार हळवं," कुणीतरी म्हणालं.

दुपारी हेमीने ठरवलं की गाडी उघडायची. आत एखादा पत्ता मिळेल. त्याने एक धोंडा उचलला.

"अरे, काच नको फोडू! गेल्याच महिन्यात नवी बसवलीय!" मी ओरडलो आणि खिशातून किल्ली काढून दिली.

सगळं गाव किल्लीकडे पाहू लागलं. पलीकडच्या मेंढ्यांनीसुद्धा चरायचं थांबवलं.

"लॅकी," मॉरीन फार गोड आवाजात म्हणाली (हा आवाज वाईट), "त्या माणसाने किल्ली तुझ्याकडे कशी ठेवली?"

"तो... नाहीये."

डेसने डोक्यावरची टोपी काढली. "गेला?"

"नाही. म्हणजे, तो आलाच नव्हता."

"आणि त्याची बायको?" मॉरीनने विचारलं.

"तीही नाही."

"म्हणजे मी सकाळपासून फुकट रडतेय!" तिचा खरा संताप या गोष्टीचा होता.

क्लबची सभा तिथेच चिखलात भरली. मला हाकललं नाही, कारण असल्या गुन्ह्याला नियमच सापडेना. डेसने एवढंच जाहीर केलं, "यापुढे लॅकीच्या गाडीला गाडी समजायचं नाही. उभी दिसली तर खुशाल आत शिरा." बायकांनी मला चीज रोलही दिला नाही.

पुढच्या शनिवारी मॉरीनने मला पहाटेच अंथरुणाबाहेर ढकललं. मी घरची चांगली गाडी घेऊन तिसऱ्या फाटकावर गेलो, सगळ्यांच्या आधी. आणि काय सांगू! सासरेबुवा विलोखाली परत आले होते. मी माशी टाकली. त्यांनी जवळ येऊन पाहिली आणि चक्क गिळली! आनंदाच्या भरात मी एक पाऊल पुढे टाकलं ते थेट खड्ड्यात. छातीपर्यंतच्या रबरी विजारीत भसाभसा पाणी शिरलं, पाय चिखलात रुतले, दोर तोडून सासरेबुवा गेले आणि मी गळ्याइतक्या बर्फासारख्या पाण्यात विलोची फांदी धरून उरलो.

बऱ्याच वेळाने फाटकाकडून आवाज आले.

"लॅकीची गाडी आहे रे."

"म्हणजे कुणी नाही. चला आत!"

स्वतःचा अपमान मला इतका गोड कधी वाटला नव्हता. झाडीतून डेस आणि क्लबची मंडळी बाहेर आली. पाण्यावरचं माझं डोकं दिसताच डेस खजील झाला.

"अरेच्चा, तू खरंच आहेस की! माफ कर हं लॅकी. उगाच संशय घेतला तुझ्यावर."

मला बुडतोय म्हणायची लाज वाटली. तोंड काळं होऊन आठवडाच झाला होता. पुन्हा यांचंच शोधपथक करायचं? "डेस, या ना!" मी फांदीला लोंबकळत आग्रह केला. "सगळे या! भरपूर जागा आहे!"

"छे छे! तू आधी आलास, पट्टा तुझा."

आणि मासे बिथरू नयेत म्हणून सगळे चवड्यांवर चालत परत निघाले. जाता जाता डेस इतरांना हळूच म्हणाला, "पाहिलंत? गळ्यापर्यंत बुडून मासा धरतो. याला म्हणतात तपश्चर्या. आता संध्याकाळपर्यंत इकडे कुणालाही फिरकू देऊ नका."