कशेळे ते कर्जत, पायी

"बसा चाचा," जितेशनं जीप थांबवून म्हटलं. इद्रिसभाई अजून कशेळ्याच्या बाजाराबाहेरही पडले नव्हते.

"नाय रं. आज चालतोय."

"कुठं?"

"कर्जतला."

"मग बसा की. मी कर्जतलाच चाललोय."

इद्रिसभाईंनी समजावून सांगितलं. लेक अल्मास इंग्लंडात असते. तिथं तिचा चालणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. ही माणसं सुट्टीच्या दिवशी सकाळी डबे घेऊन निघतात आणि शेतांतून, टेकड्यांवरून संध्याकाळपर्यंत नुसती चालतात. उन्हाळ्यात अब्बांनी यावं, ग्रुपबरोबर चालावं, असं तिला फार वाटतं. पण अब्बा साठीचे आणि गुडघे त्याहून म्हातारे. म्हणून तिची अट : आधी तिकडंच एक ग्रुप करून कशेळे ते कर्जत चालून दाखवा, फोनवर लोकेशन चालू ठेवून. जमलं तर या. नाही जमलं तर मला सुट्टी मिळेल तेव्हा मीच येईन. सुट्टी तिला किती वर्षं मिळाली नव्हती, हे इद्रिसभाईंना चांगलं माहीत होतं.

ग्रुप म्हणजे शेजारी उभे असलेले जुना दोस्त हिरामण आणि त्याची बायको सुंदरा.

जितेशनं सगळं नीट ऐकून घेतलं. "समजलं. सकाळी चाची काय बोलली का?"

"चाचीचा काय संबंध?"

"नाय, माणूस उगाच पायी निघत नाय." आणि तो फोन कानाला लावूनच पुढं गेला.

इद्रिसभाईंचं पंक्चरचं दुकान होतं. त्यांचा हात लागला नाही असं चाक या रस्त्यावर धावत नव्हतं. त्यांना पायी सोडून पुढं जायचं, हे कुठल्याच ड्रायव्हरला जमणारं नव्हतं.

आता मात्र रस्ता मोकळा होता. दोन्हीकडे कापलेली भातशेतं, हवेत गारवा. इद्रिसभाईंनी छाती भरून श्वास घेतला आणि पहिलंच लांब पाऊल टा—

पों!

दुधाचा टेंपो.

"चाचा, भांडण कुणाच्या घरात होत नाय? पण घर सोडून जायचं नसतं."

"कोण घर सोडतंय?"

"जितेश बोलला."

सुंदरानं त्याला समजावलं, हिरामणनं शपथ घेतली. टेंपो हळहळत गेला.

"आता आपण बांधावरून जाऊ," हिरामण म्हणाला. "तिथं कोण गाडी घेऊन—"

पों!

शेतात ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टरवाल्यानं रिक्षावाल्याला हाक मारली, रिक्षातून चार समजूतदार माणसं उतरली, आणि त्यांनी इद्रिसभाईंना दोन्ही दंडांना धरून, अतिशय आदरानं, उचललं. रिक्षात हिरामण सुंदराला घेऊन आधीच कडेची जागा पकडून बसला होता.

"तू कशाला बसला रं?"

"ग्रुप हाय ना आपला!"

फोन वाजला. अल्मासचा मेसेज होता.

'अब्बा, तुम्ही उलटे चालताय. आणि ताशी चाळीसच्या वेगानं.'

घरी अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या. अर्धा बाजार समेट करायला जमला होता आणि इद्रिसभाईंची बायको नूरबानो दुसऱ्यांदा सगळ्यांना चहा देत होती.

"चाची," एक जण घसा साफ करून म्हणाला, "तुमी एक पाऊल मागं घ्या. चाचा घेतील एक."

नूरबानोनं ट्रे खाली ठेवला. "आमचं भांडण झालेलं नाय. पण तुमी अजून तासभर बसलात तर होईल." मग ती इद्रिसभाईंकडे वळली. "चला हो. मीच येते बरोबर. बघू आता कोण काय बोलतंय."

पायात चप्पल सरकवून ती निघालीसुद्धा. पुन्हा तोच बाजार, तेच वळण, आणि एक फेरी करून पुन्हा कर्जतला निघालेली तीच जीप.

"चाची पण पायी?" जितेशचा चेहरा पडला. आतल्या म्हाताऱ्या कोंडाजीनं काठी टेकून खाली पाय ठेवला. "ती बाई चालतेय आन् आपण बसून जायचं? उतरा रं सगळी!"

मग प्रत्येक गाडीचं तसंच झालं. वाटेतलं कडाव गाव येईपर्यंत रस्त्यावर माणसंच माणसं झाली होती आणि त्यांच्यामागून रिकाम्या जीपा पायाच्या गतीनं येत होत्या. कुणीतरी भजी वाटली. कुणीतरी घोषणा दिली. कसली ते कुणाला ऐकू आलं नाही, पण सगळ्यांनी साथ दिली.

कर्जतच्या वेशीवर हवालदारानं हात आडवा केला. "मोर्चा कसला? मागणी काय तुमची?"

"मागणी एकच," हिरामण पाय चोळत म्हणाला. "आमाला चालू द्या."

हवालदारानं चालू दिलं. ऊन उतरायच्या आत इद्रिसभाई स्टेशनाजवळच्या कट्ट्यावर टेकले. गुडघे शाबूत होते. अल्मासनं व्हिडिओ कॉल केला, तेव्हा तिला अब्बांच्या मागं निम्मा तालुका दिसला.

"अब्बा, पास! या तुम्ही! पण इथं एवढी गर्दी नसते हं. आम्ही दिवसभर चालतो, कुणी भेटतच नाही. भेटलं तरी मान हलवून पुढं."

"एकबी गाडी थांबत नाय?"

"नाही ना! शांत एकदम."

"आन् घरी जाताना? दुकानात? कोण विचारत नाय, कुठं चालली म्हणून?"

पलीकडे अल्मास हसली. "सवय होते, अब्बा."

फोन ठेवल्यावर इद्रिसभाई बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले.

"पास झाला ना? मग तोंड का असं?" नूरबानोनं विचारलं.

"तू पण चल गं तिकडं," ते म्हणाले. "मी एकटा किती लोकांना थांबवून विचारणार, कुठं चालले म्हणून?"