चाकं मध्यम-नरम

वस्तू पारखावी तर गादीकाकांनीच! साऱ्या गल्लीत हे मत एकाच माणसाचं होतं आणि तो माणूस म्हणजे स्वतः गादीकाका.

तसा त्याला आधारही होता. गादीकाका गाद्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. गादीचा नवा नमुना आला की ते त्याच्यावर आडवे होत, डोळे मिटत, या कुशीवरून त्या कुशीवर वळत आणि मग निकाल देत: कडक, मध्यम, मध्यम-नरम किंवा नरम. त्यांच्या शिक्क्याशिवाय गादी दाराबाहेर जात नसे. कधी कधी निकालाला फार वेळ लागे आणि खोलीतून घोरण्याचा आवाज येई, पण तोही तपासणीचाच भाग धरला जाई. "झोपायचा पगार घेणारा जावई मिळायला नशीब लागतं," असं त्यांच्या सासूबाई म्हणत. त्या त्यांच्याच घरी राहत असल्यामुळे हे वरचेवर म्हणत.

तर अशा घरात एका बुधवारी संध्याकाळी ती सायकल आली. विजेवर चालणारी, वाळू, चिखल, दगडगोटे, काहीही तुडवणारी आणि मांडीएवढ्या जाड टायरांची!

"ही सायकल आहे की म्हैस?" सासूबाईंनी चष्मा सारखा केला. "हिला खायला काय घालायचं?"

"वीज, आई. फक्त वीज," गादीकाका म्हणाले. "दुकानदारानं रविवारपर्यंत तपासायला दिलीय. तपासणी मी करणार. शास्त्रशुद्ध!"

सायकल हवी होती काकूंना. टेकडीवर त्यांची छोटीशी रोपवाटिका होती. वाट कोरड्या ओढ्याच्या वाळूतून जाई आणि मग उभा चढ. काकूंचा गुडघा बिघडला आणि डॉक्टरांनी चढ चढायला साफ मनाई केली. महिनाभर रोपांना शेजारचा माळी जमेल तसं पाणी घालत होता. बियाणांच्या दुकानाचा मालक तर टपूनच बसला होता. "वहिनी, रोपवाटिका मला देऊन टाका," असं त्याचं सारखं चाललं होतं आणि रविवारी त्याला शेवटचं उत्तर द्यायचं होतं. म्हणजे सगळं त्या जाड टायरांवर येऊन ठेपलं होतं.

"अहो, मी एक चक्कर मारून येऊ का?" काकूंनी हँडलवरून हात फिरवत विचारलं.

"अजिबात नाही! तपासणी पूर्ण होईपर्यंत वस्तू दाराबाहेर जात नाही. आमचा नियम आहे."

काकूंनी हँडलवरचा हात काढला. सासूबाई लेकीकडे बघून हळूच खोकल्या.

तपासणी सुरू झाली. पहिल्या दिवशी काका स्टँडवर लावलेल्या सायकलवर डोळे मिटून बसले. सीट मध्यम. घंटी खणखणीत. मग त्यांनी अंगठ्यानं टायर दाबून पाहिले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"कडक! फारच कडक! यावर बसून बाईमाणसाची कंबर राहील का जागेवर?"

आणि त्यांनी दोन्ही टायरांतली हवा सोडायला सुरुवात केली. फुस्स! अंगठा लावायचा, मान हलवायची, पुन्हा फुस्स! शेवटी चेहऱ्यावर समाधान आलं. "आत्ता झाले मध्यम-नरम!"

"अहो, चाकांत हवा असावी लागते ना?"

"तू मला नरम-कडक शिकवतेस?"

पण या सायकलीत दोन भानगडी होत्या. एक म्हणजे रोज सकाळी टायरांना वाळू लागलेली असे. काकांनी ती पुसली, दुसऱ्या दिवशी पुन्हा होतीच! "दुकानदारानं धुतलेलीच नाही. अजून निघतेय बघ." दुसरी भानगड गंभीर होती. रात्री पूर्ण भरलेली बॅटरी काका सकाळी उठून पाहत तर निम्मी! आणि काका उठत अंमळ उशिराच, कारण धंद्याचा सराव सुटता कामा नये.

"उभ्या उभ्या बॅटरी खाते ही!" काकांनी शनिवारी संध्याकाळी निकाल जाहीर केला. "नापास! उद्या परत."

काकूंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आईकडे पाहिलं. पुन्हा मिटलं.

"पण जावईबापू, चालवून कधी बघितलीत?" सासूबाईंनी विचारलं. "का नुसतं टेकूनच?"

"बॅटरीच नापास आहे म्हटल्यावर चालवायची कशाला?"

खरं कारण वेगळंच होतं. शाळेत असताना गादीकाका सायकलवरून सरळ चिखलात पडले होते, तेव्हापासून त्यांनी सायकल चालवलीच नव्हती. हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. नापास केली की ब्याद टळणार होती.

काकूंनी रोपवाटिकेत वापरायचे हातमोजे धुऊन वाळवले होते. त्यांनी ते घडी करून कपाटाच्या अगदी वरच्या कप्प्यात ठेवले आणि दार लावलं. काकांनी ते पाहिलं आणि त्यांना वाईट वाटलं. संध्याकाळी कोपरापर्यंत मातीनं भरलेली, कुठल्या रोपाला कीड लागली ते तावातावानं सांगणारी बायको त्यांना फार आवडायची. महिनाभर ती खिडकीतून नुसती टेकडीकडे बघत बसली होती.

रविवारी दुपारी बियाणेवाल्याच्या टेम्पोतून काकू आणि सासूबाई रोपवाटिकेत गेल्या, उत्तर द्यायला. काका घरात येरझारा घालू लागले. मग त्यांनी एकदम ठरवलं. ओढ्यात कोणी नसतं. तिथं एकदा चालवून बघू, पडलो तर वाळूतच पडू!

त्यांनी सायकल चालू केली, कारण बॅटरीचा आकडा उतरतो का यावर त्यांना नजर ठेवायची होती. दुकानदारानं बजावलं होतं, "काका, हातात धरून नेताना बंद ठेवा. उजवी मूठ पिळली की ती पळते." पण ते सांगत असताना काका सीट दाबून बघत होते.

ती हातात धरून ते ओढ्याकडे निघाले. कोपऱ्यावर न्हावी एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता. तो वस्तरा घेऊनच बाहेर आला.

"वा काका! ही चाकं आहेत की लोड? फुटत नाहीत ना?"

"फुटतात कसली? मध्यम-नरम आहेत. हे बघ." काका वाकले, टायर दाबायला डावा हात पुढे केला आणि आधारासाठी उजव्या हातानं मूठ गच्च धरली. धरली आणि पिळली!

सायकल उसळली. काका मागे राहिले, हात ताणला गेला, मूठ आणखी पिळली गेली, सायकल आणखी पळाली! आता ती पुढे आणि काका तिला लोंबकळत शेजारून धावताहेत. सोडून द्यावी तर परक्याची वस्तू! ब्रेक दाबावा तर बोटं मुठीवर चिकटलेली!

"या वयात काय दम आहे हो!" दूधवाली टाळ्या वाजवत म्हणाली.

"थांबवा मला!" काका ओरडले. लोकांनी कौतुकानं वाट करून दिली.

पुढच्या वळणावर सायकलच्या दुकानदाराचं दुकान. तो दारात उभा होता. एक माणूस आपली सायकल घेऊन पळतोय, तोही तिच्यावर न बसता! चोरच, दुसरं कोण?

"चोर! पकडा!" म्हणत तो मागे धावला. त्याच्यामागे वस्तरा घेऊन न्हावी, न्हाव्यामागे अर्ध्या गालाला साबण फासलेलं गिऱ्हाईक आणि त्यामागे कशासाठी पळतोय हे माहीत नसलेले आणखी बरेच जण.

ओढ्याच्या काठावर सायकलनं जो हिसका दिला, त्यानं काका उडून सीटवर आडवे पडले. पोटावर! ही स्थिती मात्र त्यांच्या सवयीची होती. त्यांनी डोळे मिटले. सायकल वाळूतून अशी गेली, जणू तिथं वाळू नव्हतीच! समोरच्या खोलगट पायवाटेत चाकं बसली आणि काकांना घेऊन ती चढ चढू लागली.

वर बियाणेवाला घड्याळ बघत होता. "वहिनी, मग काय ठरलं?"

"थांबा जरा," काकू खाली बघत म्हणाल्या. "ह्यांचा निकाल बदलला तर..."

तेवढ्यात निकाल आला. फाटकातून आत, कुंड्यांच्या दोन रांगांमधून सरळ आणि धप्प! काका शेणखताच्या ढिगात आणि सायकल त्यांच्या शेजारी. चाक अजून गरगरत होतं. काकूंनी शांतपणे जाऊन चावी फिरवली. काकांनी डोळे न उघडताच अंगाखालचं खत दाबून पाहिलं.

"नरम," ते म्हणाले.

"अहो! लागलं का कुठं?"

काकांनी डोळे उघडले. समोर बायकोचा घाबरलेला चेहरा, मागे रोपं, खाली ओढा आणि तो सगळा चढ. तो त्यांनी पार केला होता!

"पास!" काका ओरडले. "सायकल पास!"

काकू बियाणेवाल्याकडे वळल्या. "ऐकलंत ना? रोपवाटिका माझ्याकडेच राहणार." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या.

एवढ्यात दुकानदार धापा टाकत पोचला. "काका, तुम्ही? मी चोर म्हणून सगळा बाजार गोळा करून आणला! पण वाळूतून आलात कसे? भरल्या हवेनं तर तिथं चाकं रुततात!"

"हवा," खत झटकत काका म्हणाले. "टायर मध्यम-नरम केले."

"अगदी बरोबर! वाळूत हवा कमीच लागते. मी सांगायचंच विसरलो होतो!"

गादीकाकांची छाती फुगली. "पारख लागते. फक्त एक दोष आहे. ही उभ्या उभ्या बॅटरी खाते."

"शक्यच नाही!" दुकानदार म्हणाला.

काकू पदराशी चाळा करू लागल्या. "अहो, रागावू नका. मी रोज पहाटे हिच्यावरून इथं येत होते, पाणी घालायला. पहिल्या दिवशी वाळूतच रुतले, रडू आलं मला. मग तुम्ही हवा सोडलीत आणि दुसऱ्या दिवशी सरळ पार!"

काकांना त्या वाळूचा उलगडा झाला. आनंद व्हावा की राग यावा ते त्यांना ठरवता येईना.

"म्हणजे माझ्या शिक्क्याआधीच वस्तू दाराबाहेर? रोज? आणि मी काय करत होतो?"

सासूबाई पालथ्या कुंडीवरून सावकाश उठल्या.

"तुम्ही तपासणीच करत होतात, जावईबापू. आडवे पडून, डोळे मिटून. अगदी दोन्ही कुशींवर!"