गफूरभाईकडे अडकलेला डबा

पोर्तुगालात लिस्बन म्हणून शहर आहे. तिथल्या एका म्हातारीनं रविवारच्या बाजारातून इस्त्री घेतली, घरी जाऊन खोकं उघडलं, तर इस्त्रीच्या बुडाशी प्लास्टिकच्या कागदात बांधलेले तीन खजूर. बाई दचकली म्हणे. मला ऐकून काही वाटलं नाही. ते खजूर घालणारा माणूस माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचा. मस्कतला, दार्सैतमध्ये.

गफूर परकार त्याचं नाव. रत्नागिरीकडचा. मी दापोलीकडचा, म्हणजे परमुलखात घरचेच आम्ही. मस्कतला मी अडतीस वर्षं सुतारकाम केलं. शाळा चौथीपर्यंत. पण माझ्या हातचा दरवाजा आजवर कुठं घासला नाही, आणि मी केलेल्या पेटीचं झाकण कधी हललं नाही. ही बढाई नव्हे. ज्यांच्या घरी माझे दरवाजे आहेत त्यांना विचारा.

गफूरभाईचा माझा संबंध लाकडातून आला. त्याचा धंदा असा. हल्ली लोक मोबाइलवर बोट दाबून वस्तू मागवतात आणि घरी आली की नको म्हणतात. त्या नको म्हटलेल्या वस्तूंचा डोंगर होतो. विकणारे तो डोंगर लाकडी फळ्यांवर रचतात, प्लास्टिकमध्ये गुंडाळतात आणि न उघडता घाऊक विकून टाकतात. त्या फळीला पॅलेट म्हणतात. आत काय आहे ते घेणाऱ्याला ठाऊक नाही, विकणाऱ्यालाही नाही. गफूरभाई असे पॅलेट घ्यायचा. अल अमेरातला डोंगराच्या पायथ्याशी त्याचा गाळा होता. माल त्याचा, खालची फळी माझी. त्या लाकडाची मी स्टुलं करायचो.

आता माझा घोळ इथून सुरू होतो. हा माल बराचसा युरोपातून आलेला. मस्कतकडच्या लोकांनी तो परत केला. गफूरभाई तो पुसून, दुरुस्त करून पुन्हा युरोपला पाठवायचा, लिस्बनला, भाच्याकडे. भाचा सलीम तो तिथल्या बाजारात विकायचा आणि तिथले लोक तो आनंदानं घ्यायचे. मी विचारलं, मग पहिल्यांदा तिथंच का नाही ठेवला? तर म्हणे, एका घरानं नको म्हटलं म्हणून स्थळ वाईट ठरत नाही. मी म्हटलं, भाडं? तर म्हणे, इकडून तिकडे जाणारे पुष्कळ कंटेनर रिकामेच परततात, रिकाम्याला भाडं कमी. असं बोलताना त्याचा चेहरा उतरायचा. जहाज रिकामं परत जातं हे त्याला सहनच व्हायचं नाही.

प्रत्येक खोक्यावर, माल परत का केला त्याची चिठ्ठी असायची. ती इंग्रजीत. गफूरभाई ती मोठ्यानं वाचून मला मराठीत सांगायचा. रंग फोटोतल्यासारखा नाही. पायाला मोठा होतो. एका कोऱ्या करकरीत मिक्सरवर लिहिलं होतं, मन बदललं. मी म्हटलं, हे काय कारण झालं? मिक्सरनं काय करायचं याच्यावर? गफूरभाईनं तो मिक्सर फडक्यानं पुसला आणि त्याचं ठरलेलं वाक्य म्हणाला, "मालाचा काय कसूर, मिस्त्री?"

हे वाक्य तो दिवसातून दहा वेळा म्हणायचा. तुटलेल्या चपलेला, बटण तुटलेल्या शर्टाला, टॅक्सी मिळाली नाही तर टॅक्सीलासुद्धा. त्याचं स्वतःचं लग्न दोनदा ठरून मोडलं होतं. त्या काळी व्हिसा वेळेवर मिळेना, मुलीकडचे थांबेनात. तिसऱ्यांदा त्यानं ठरवलंच नाही. त्याबद्दल विचारलं तर हेच वाक्य, पण हळू आवाजात.

तो मूळचा वायरमन. ओमानात आपल्यासारखीच तीन पायांची पिन चालते, पण ती जाड चौकोनी. लिस्बनला दोन गोल पाय. म्हणून प्रत्येक इस्त्रीची, प्रत्येक केटलीची पिन तो स्वतः कापून बदलायचा. मग आत वस्तू ठेवायची, खजूर ठेवायचे, टेप मारायची, वर हिरवा स्टिकर लावायचा. स्टिकरवर त्या लोकांच्या भाषेत लिहिलेलं, तपासलेला माल.

खजुराच्या आधी साखर होती. तुम्हाला माहीतच आहे, शेजारणीचं भांडं परत करताना रिकामं देऊ नये. चार मिरच्या घालाव्यात, चिमूट साखर घालावी, पण रिकामं देऊ नये. माझ्या घरी ही रीत, परकारांकडेही हीच. फक्त आपण ती भांड्याला लावतो. गफूरभाईनं ती कंटेनरला लावली. पहिल्या खेपेला त्यानं प्रत्येक खोक्यात साखरेची पुडी घातली. तिकडच्या बंदरात खोकी उघडली, तर इस्त्रीत पांढरी पूड, केटलीत पांढरी पूड, बायकांच्या बुटात पांढरी पूड. कुत्रा आणला. कुत्रा वास घेऊन गप्प बसला, त्याला साखर कोणी शिकवली नव्हती. सलीमला दोन दिवस बाकावर बसवून ठेवलं. सुटल्यावर त्यानं फोन केला आणि म्हणाला, मामू, मला आत टाकायचं होतं तर सरळ सांगायचं. गफूरभाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साखर परत दिली का रे त्यांनी?"

तेव्हापासून खजूर. पांढरा नसतो, पूड होत नाही. मी एकदा विचारलं, पण ती इस्त्री काही तुला कुणी शेजारणीनं दिलेली नाही, मग हे कशाला? तर म्हणाला, कुणाकडून तरी परत आलीच ना ती? आणि तीनच का? तर एक घातला तर चुकून पडलासा वाटतो, दोन घातले तर मोजून घातल्यासारखे वाटतात. त्याच्याशी बोलून मी घरी यायचो तेव्हा डोक्यात नेहमी भुसा.

सलीम मात्र वैतागला होता. खजूर बंद कर, नाहीतर मी धंदा सोडतो, असं त्यानं निर्वाणीचं सांगितलं. नेमक्या त्याच सुमारास ती इस्त्रीवाली म्हातारी बाजारात आली. हातात रिकामं खोकं. सलीमला वाटलं, झालं, आता भांडण. बाईनं खोकं त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि निघून गेली. आत चार लिंबं. तिच्या दारच्या झाडाची असावीत, पानांसकट होती. सलीमनं फोटो पाठवला आणि विचारलं, मामू, आता मी काय करू? ती पुढच्या रविवारी आली तर हे खोकं रिकामं परत देऊ?

गफूरभाई इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. "बघ मिस्त्री," तो म्हणाला, "तिकडं पण माणसं राहतात."

हा खोकला त्याचा जुनाच, गाळ्यातल्या धुळीचा. आणि त्या खोकल्यावरूनच माझा डबा त्याच्याकडे अडकला. मला जे सांगायचं आहे ते हे.

चार वर्षांपूर्वी तो सुट्टीवर गावी गेला. मी त्याच्याबरोबर माझ्या घरी एक मिक्सर पाठवला, मन बदललेला तो. गफूरभाईनं तो माझ्या घरी नेऊन, पिन बदलून, खोबरं वाटून दाखवला. वाटताना खोकला. माझी बायको शेवंती, तिनं त्याला तासभर बसवून ठेवलं आणि आल्याच्या वड्या करून स्टीलच्या डब्यात भरून दिल्या. डब्यावर आणि झाकणावर ठिपक्यांच्या अक्षरांत तिचं नाव ठोकलेलं आहे. गावजेवणाला भांडी गेली की अदलाबदल होते, म्हणून तिनं दापोलीच्या बाजारात सगळी भांडी बसून ठोकून घेतली होती. गफूरभाईनं त्या वड्या रोज एक अशा पुरवून पुरवून खाल्ल्या. डबा परत करायचा तो तिच्याच हातात आणि भरूनच, असं तो म्हणत राहिला. पुढं सहा महिन्यांत ती गेली. मी पोचलो तेव्हा तिचा दहावा होता.

मग साडेतीन वर्षं मीही तो विषय काढला नाही. यंदा कंपनीनं कळवलं, वय झालं, व्हिसा वाढवता येणार नाही. महिनाअखेरीचं तिकीट हातात दिलं. मी गाळ्यावर जाऊन गफूरभाईला सांगितलं. तो वायर सोलत होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पॅलेटवरचा माल बघतो तसं. "मालाचा काय कसूर," म्हणाला आणि पुन्हा वायर सोलायला लागला.

मी म्हटलं, शेवंतीचा डबा तेवढा दे.

देतो म्हणाला. पुढच्या खेपेला विचारलं तर म्हणे गाळ्यात आहे, शोधावा लागेल. गाळ्यात विचारलं तर म्हणे खोलीवर आहे. मी म्हटलं, अरे तुझी रीत मला ठाऊक आहे, तीन खजूर टाक आणि दे. यावर तो खरंच चिडला. वहिनीच्या डब्यात गिऱ्हाइकाचे खजूर? असं म्हणून त्यानं माझ्याकडे पाठ केली.

एका शुक्रवारी, त्याची नमाज आटोपल्यावर, मी न सांगता त्याच्या खोलीवर गेलो. दार उघडताच करपलेल्या आल्याचा वास आला. कढईत काळं काहीतरी घट्ट बसलं होतं आणि गफूरभाई उलथन्यानं ते खणत होता. ओट्यावर आधीचे प्रयत्न मांडलेले. एक पातळ, एक वाळूसारखं, एक कढईच्या आकाराचंच. शेवंतीचा डबा बाजूला घासून पालथा घातलेला.

"वहिनी काय घालायची रे?" त्यानं विचारलं. "दूध की खवा?"

मला कुठलं ठाऊक? ती होती तोवर मी सुट्टीपुरता घरी जाणारा. मी खाल्ल्या तेवढ्या. पण खोटं बोलायची मला सवय नाही. त्यानं दिलेला तुकडा मी दाताखाली धरला आणि म्हटलं, "गफूरभाई, ही वडी नाही, ही पाचर आहे. हिच्यावर दरवाजा उभा राहील."

मी म्हटलं, आता रिकामा दे. तो म्हणाला, रिकामा नाही द्यायचा. मी म्हटलं, डबा माझा आहे. तो म्हणाला, डबा तिचा हाय, तुझा नाय. हे ऐकून माझं डोकं फिरलं. ठेव तुझ्याकडेच, असं सांगून मी जिना उतरलो. आठ दिवस मी त्याच्या गल्लीत गेलो नाही आणि तोही माझ्याकडे फिरकला नाही. रोज सकाळी मात्र मला वाटायचं की आता येईल. डबा सोडून जायचं ठरवलं होतं, पण बॅग भरताना कपड्यांच्या मधोमध डब्यापुरती जागा आपोआप सुटत होती. ती बुजवायला मी पंचा घालायचो आणि पुन्हा काढायचो.

निघायच्या दिवशी दुपारी तो आला. धापा टाकत तिन्ही जिने चढला आणि डबा माझ्या हातात दिला. भोवती चार वेढे टेप, वर हिरवा स्टिकर. डबा जड लागला.

"भरलेला हाय," तो म्हणाला. "घरी जाऊनच उघड."

मी चहाचं विचारलं. नको म्हणाला, कंटेनर भरायचा आहे. दारात उभा राहून त्यानं माझी बॅग पाहिली, तिची चेन एकदा लावून, उघडून तपासली, आणि यल्ला, म्हणजे चला, असं म्हणून गेला. खाली त्याचा खोकला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता.

घरी जाऊन उघड म्हटल्यावर मी काय थांबतो? टेप कापली. आत वड्या. वाकड्यातिकड्या, एक लहान एक मोठी, पण वड्याच. एक तोंडात टाकली. शेवंतीची नव्हती. पण आलं चांगलं झणझणीत होतं, आणि ती विरघळली.

मग झाकण लावायला गेलो, तर बसेना. एका बाजूनं दाबलं की दुसऱ्या बाजूनं उचलायचं. टेपनंच ते धरून ठेवलं होतं. उलटसुलट करून पाहिलं, वर नाव नाही. डब्यावर शेवंती आहे, झाकणावर नाही. झाकण किंचित लहान, कडेला स्टोव्हचा काळा डाग. मी ते ओळखलं. ते गफूरभाईच्या साखरेच्या डब्याचं झाकण होतं. त्याच्या हातचा चहा इतकी वर्षं प्यायलो, न ओळखून कसं चालेल? म्हणजे शेवंतीचं झाकण त्याच्या साखरेवर. तेही तिथं बसत नसणार. दोन्ही डबे बिघडले.

हजारो पिना बिनचूक बदलणारा माणूस. त्यानं चुकून केलं की मुद्दाम, हे मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

विमानाला चार तास होते. त्याचं घर दोन गल्ल्यांवर, गाळ्याकडे निघायच्या आत तो गाठता आला असता. मी चपला घातल्या, ते झाकण घेतलं आणि जिना उतरलो. बेकरीपर्यंत गेलो. तिथं थांबलो. हातात ते झाकण, त्याच्या दारी हे असं रिकामंच न्यायचं? बेकरीवाल्यानं विचारलं, क्या चाहिए चाचा? मी म्हटलं, कुछ नहीं.

परत वर आलो. सुतळी शोधली आणि झाकण डब्यावर ठेवून चारी बाजूंनी आवळून दोन गाठी मारल्या. अडतीस वर्षांत हलणारं झाकण मी कुणाला दिलं नव्हतं, कुणाकडून घेतलंही नव्हतं. हे एवढं घेतलं. बॅगेत जागा होतीच.